मरणाचं कारण: ताप

भागोजी धाडव्याच्या पायाला भिंगरी होती, हे साळवखोंडात कुणालाही विचारा. वीस वर्षं गावचा पोलीसपाटील होता, पण चावडीत घटकाभर टेकलेला कुणी पाहिला नाही. पंचनामा लिहायचा तोही उभ्याने, खांबाला कागद टेकवून. जेवायला बसला तरी मांडी हलायची, आणि बायको, आवडाबाई, म्हणायची, "अवो, ताट तरी धड ऱ्हाऊ द्या." असा हा माणूस सव्वीस सालच्या निवडणुकीला उभा राहिला. कुलाबा जिल्ह्यातल्या भातकरी कुणब्यांनी त्याला भरभरून मतं दिली. मग पाटीलकी पुतण्याच्या, अंबाजीच्या, गळ्यात घालून तो मुंबईच्या कायदेकौन्सिलात जाऊन बसला. बसला म्हणजे काय, तिथल्या गादीच्या बाकावरही पाय हलतच होता. शेजारी अलिबागचे एक वकील बसायचे, तेही सभासद. ते मधूनमधून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायचे. हात होता तोवर पाय थांबायचा.

कौन्सिलात सगळा कारभार इंग्रजीत. भागोजीला त्यातलं ‘येस’ आणि ‘नो’ एवढंच कळायचं, पण सरकार बहुतेक वेळा दुसरंच बोलतं, म्हणून त्याचं फारसं अडायचं नाही. प्रश्न तो मराठीत सांगायचा आणि वकील ते इंग्रजीत उतरवून द्यायचे. अठ्ठावीस सालच्या फाल्गुनात त्याने जो प्रश्न दिला, त्याच्यासाठीच तर तो निवडून आला होता.

साळवखोंड खाडीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. जवळात जवळ दवाखाना तळा गावात, तीन कोसांवर, आणि वाट सगळी राखीव जंगलातून. त्या जंगलात जुनी लेणी आहेत, लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. सरकारने लेण्यांच्या पायथ्याशी पाहुण्यांसाठी बंगला बांधला. मुंबईचे साहेबलोक आणि शेठजी यायला लागले. सकाळी लेणी बघायची, दुपारी कोंबडी खायची आणि संध्याकाळी बंदूक घेऊन निघायचं. पाहुण्यांना शिकार मिळाली पाहिजे आणि जंगलाची शोभाही राहिली पाहिजे, म्हणून हुकूम सुटला की या भागात कुणी फांदीसुद्धा तोडायची नाही. झालं! दहा वर्षांत झाडी वाटेवर अशी वाकून आली की दोन माणसं जोडीने चालू शकत नव्हती. त्या झाडीत वाघ होता. तो लेणी बघायला नक्कीच आला नव्हता.

भागोजीने विचारलं होतं ते असं. गेल्या वीस वर्षांत या जंगलात वाघाने किती माणसं मारली? वाटेच्या दोन्ही अंगांची वीस-वीस हात झाडी सरकार तोडू देईल काय? गावाला बंदुकीचा परवाना आणि आठवड्यातून एकदा डॉक्टर मिळेल काय? शिवाय, बंगल्यात पाहुण्यांना न्हायला चिनीमातीचा टब आला, तसं आम्हांला काय येणार, असंही त्याला विचारायचं होतं. ते वकिलांनी गाळलं.

सरकारतर्फे उत्तर देणारे साहेब उठले, कागदाकडे पाहून दोन वाक्यं बोलले आणि बसले.

"काय म्हनला?" भागोजीने विचारलं.

वकील हळूच म्हणाले, "वाघाने मारलेली माणसं, एकही नाही. सबब बाकीचे प्रश्न उद्भवत नाहीत."

भागोजी ताडकन उभा राहिला. प्रेसिडेंटसाहेबांची परवानगी असली तर मराठीत बोलता येत असे. ती मिळताच तो म्हणाला, "हा आकडा सरकारनं आनला कुठनं?"

साहेबांनी शांतपणे दुसरा कागद काढला. त्यांचं उत्तर वकिलांनी पुढे सांगितलं ते असं: हा आकडा गावोगावच्या पोलीसपाटलांनी ठेवलेल्या जन्ममृत्यूच्या बुकांतून घेतला आहे. साळवखोंडचं बुक या मुदतीत बहुतांशी सन्माननीय सभासदांनीच लिहिलेलं आहे. त्यांचा स्वतःवर विश्वास नसेल, तर त्याला सरकारचा इलाज नाही.

सगळी सभा हसली. मागून कुणीतरी मराठीत बोललं, "अहो, साळवखोंडचा वाघ माळकरी असेल!" पुन्हा हशा. भागोजी खाली बसला. वकिलांनी सवयीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, तर पाय हलत नव्हता.

साहेब खोटं बोलले नव्हते, हीच तर सगळी गोम होती.

गावाची रीत अशी. वाघाने मारलेलं माणूस त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आत जाळायचं. राहिलं, तर मेलेल्याचा जीव वाघाच्या पाठीवर बसतो आणि त्याला आपल्या घराची वाट दाखवतो, मग एकामागून एक सगळं घर जातं. हसायचं त्याने हसावं. पण सरकारची रीत याच्या बरोबर उलटी. वाघाने मारलं म्हणून पाटलाने लिहिलं, की फौजदाराला वर्दी द्यायची, तो येईपर्यंत प्रेताला हात लावायचा नाही, मग डोलीत घालून ते तालुक्याला न्यायचं, तिथे डॉक्टर चिरफाड करणार, मग ते परत आणायचं. दोन रात्री तरी जायच्याच. बायजा नावाच्या बाईचा नवरा पहिला गेला, चौदा साली. ती पाटलाच्या पाया पडली आणि म्हणाली, पाटील, लिव ताप. मरणाच्या कारणाच्या रकान्यात ताप लिहिला की कुणी काही विचारत नाही. तापाने माणसं मरतातच. भागोजीला दया आली. त्याने उभ्याउभ्या खांबाला बुक टेकवलं आणि ‘ताप’ लिहिलं. एकाला लिहिलं म्हणजे दुसऱ्याला नाही कसं म्हणणार? तो पाटीलकीवर असेपर्यंत गावची सात माणसं वाघाने नेली आणि सातही भागोजीच्या बुकात तापाने मेली.

त्यातली चौथी त्याची स्वतःची लेक होती. जनी.

ते साल इन्फ्लुएन्झाचं, अठराचं. घरोघरी माणसं अंथरुणाला खिळलेली, आणि हा पाटील मेलेल्यांचे आकडे घेऊन तालुक्याला पळत होता. आवडाबाई तापाने फणफणलेली, तोंडात पाणी घालायला घरात चौदा वर्षांची जनी तेवढी. पोर सकाळी उठली आणि आईला न सांगता औषध आणायला तळ्याला गेली. औषध मिळालंसुद्धा. घेऊन परत येत होती. पिंपळाच्या वळणावर, गाव अर्ध्या कोसावर राहिलं असताना, वाघाने तिला नेली. दुपारी मोळीवाल्यांना सापडली. बाटली गवतात तशीच उभी होती, बूचसुद्धा निघालं नव्हतं.

भागोजी परत आला तेव्हा सूर्य कलला होता. त्याने तिला दिवेलागणीच्या आत जाळलं. मग चावडीत जाऊन बुक काढलं. त्या पानावर आधीच नऊ नावं होती, सगळी तापाची, खरीखुरी. दहावं त्याने लिहिलं, जनी भागोजी धाडवे, वय चौदा, मरणाचं कारण: ताप. आणि घरी न जाता तो चालत सुटला, तो थेट खाडीपर्यंत. मला विचाराल तर त्याच्या पायाला आधी नुसती सवय होती, खरी भिंगरी लागली ती त्या दिवशी.

तर हा असा माणूस कौन्सिलात तोंडावर आपटून गावाकडे निघाला. आगबोटीने आगरदांड्यापर्यंत, तिथून मचव्याने खाडीतून वर. मचव्यात खाकी कपडे घातलेला मुंबईचा एक शेठ होता, पायाशी कातडी पिशवीत बंदूक. त्याने भागोजीच्या पागोट्याकडे पाहून ओळखलं की हा इथलाच.

"पाटील, शेर तो मिलेगा ने? बंगलावालाए लिख्युं छे, पक्का मिलेगा."

"मिळंल की," भागोजी म्हणाला. "पन सरकार म्हनतं, तो मानूस खात न्हाय. तेवढं सांभाळा."

"अरे, सरस!" शेठ खूश झाला. भागोजी उठला आणि मचव्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. तांडेल ओरडला, "पाटील, खाली बसा, मचवा कलंडंल!" बसतो कसला! बंदर येईपर्यंत तो तसाच डोलकाठीला धरून उभा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वाघाने माणूस नेलेल्या बाकीच्या सहा घरांच्या लोकांना वाघोबाच्या चौथऱ्यावर बोलावलं. शेंदूर लावलेला दगड आहे तिथे, वेशीच्या बाहेर. भागोजी दगडापुढे येरझारा घालत बोलला. मामलेदारापुढे प्रत्येकाने एवढंच सांगायचं, की आमचं माणूस वाघाने मारलं, तापाने नाही. बुक खोटं आहे. ते मी लिहिलं, माझं मी निस्तरीन.

शेवटी बायजा उठली. म्हातारी झाली होती, पण आवाज खणखणीत.

"पाटील, तुझ्या पाया पडून मीच म्हनले व्हते, लिव ताप. तू लिवलंस, तुझं भलं होवो. आता चौदा वर्सांनी माझ्या घरवाल्याचं नाव वाघासंगं घेऊ? तो घराची वाट इसारलाय, त्याला परत दावू? नातू हाय माझ्या घरात."

"बायजे, ती रीत एका दिवसाची. त्याला जाळला, तो गेला."

"तुला काय ठावं? तू बघून आलास?"

ठमाबाईचा मुलगा वाघाने नेला होता. ती नुसती पदर तोंडाला लावून बसली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मग अंबाजी बोलला. नवा पाटील, अंगात नवा कोट.

"काका, सरकारी बुक खोटं केलं म्हंजी तुरुंग. तुमी जाल ते जालच, पन आज बुक माझ्या ताब्यात हाय. माझ्यामागं चौकशीचं झेंगट लावू नका."

भागोजीच्या डोक्याची शीर उठली. "अंब्या, तुझ्या आईला दमा. तिचं औषध दर आठ दिसांनी तळ्यास्नं कोन आनतं?"

"शकू आनती, माझी लेक."

"कुठल्या वाटंनं?"

अंबाजी नव्या कोटाचं बटण चाचपू लागला.

"शकूला कितवं लागलं?"

"चौदावं," अंबाजी पुटपुटला आणि उठून चालायला लागला. त्याच्यामागून सगळे उठले. चौथऱ्यावर भागोजी आणि दगडातला वाघोबा असे दोघेच उरले. भागोजीला इतका संताप आला होता की त्याने वाघोबाकडे पाहून शिवी हासडली, आणि लगेच घाबरून कानाला हात लावले.

घरी आला तर आवडाबाई अंगणात भात पाखडत होती. दहा वर्षांत तिच्या तोंडून जनीचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. तापातून उठली ती गप्पच उठली. काम करायची, दोन शब्द बोलायची, बस. भागोजीने सुपाभोवती फेऱ्या मारत सगळं सांगितलं, सभा कशी हसली, वाघाला माळकरी कसं म्हणाले, बायजा काय म्हणाली, अंबाजी कसा शेपूट घालून गेला.

"माझी सातांची सात मानसं सरकारनं पुसून टाकली आन् ह्या लोकास्नी त्याचं काय न्हाय! नाव द्या म्हनतो तर देत न्हाईत!"

आवडाबाईचं सूप थांबलं.

"तुमी दिलंत?"

"काय?"

"नाव. त्या तिथं, साहेबापुढं. जनीचं नाव घेतलंत तुमी?"

भागोजी उभा होता तिथेच राहिला. "न्हाय," तो म्हणाला. "म्या आकडा इचारला. किती मेली, असं."

"मंग बायजाला कशाला रागं भरता?" तिने पुन्हा सूप हलवलं. कोंडा उडाला. भागोजीला वाटलं, हिने एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. गेली दोन वर्षं तो जिल्हाभर गळा काढून बोलत होता, जंगल, बंगला, परवाना, दवाखाना, आणि एकदाही, एकाही सभेत, माझी पोर वाघाने नेली असं त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. का, तर ते बोलायचं म्हणजे दुसरंही बोलावं लागतं, की मी बुकात खोटं लिहिलं. तुरुंगाची भीती होती. त्याहून मोठी एक भीती होती, आणि ती त्याने आता खाली मान घालून सांगितली.

"नाव काढलं आन् ती खरंच आली तर? त्याच्या पाठीवर बसून, घराची वाट दावीत?"

आवडाबाईने सूप खाली ठेवलं. "येऊ दे," ती म्हणाली. "मी दहा वर्सं वाट बघतेय."

आणि ती रडली. दहा वर्षांचं एकदम रडली, पाय पसरून, अंगणात, लोक बघतात याची पर्वा न करता. भागोजी तिच्याजवळ खाली बसला.

पुढची बैठक आषाढात, पुण्याला; पावसाळ्यात कौन्सिल तिकडेच भरायचं. पावसात बंदरं बंद, म्हणून माणगावपर्यंत चालत जायचं, तिथून मिळेल त्या गाडीने खोपोली आणि मग आगगाडी. भागोजीने काठी-छत्री घेतली, तेवढ्यात आवडाबाई घरातून काहीतरी धडप्यात गुंडाळून घेऊन आली. बाटली होती. आतलं औषध तळाशी बसून काळं पडलं होतं. दवाखान्याची कागदी पट्टी अजून चिकटलेली होती, वर शाईने तारीख, आणि ‘आवडाबाई, साळवखोंड’. किती वेळा प्यायचं त्याच्या खुणा पट्टीच्या कडेला कात्रीने कापलेल्या, आणि सहाच्या सहा डोस शाबूत.

"हे तुझ्याकडं हाय?" भागोजी थक्क झाला.

"मोळीवाल्यांनी आनून दिलं. तिनं आनलं आन् मी प्याले न्हाय. प्याववलं न्हाय." तिने बाटली त्याच्या हातात दिली. "बुकात लिवलंय, तापानं मेली. मंग त्याच तारखेला तापाचं औषध घिऊन तीन कोस चालत कोन आलं, ते इचारा त्यास्नी."

पुण्याला पोचेपर्यंत भागोजीने ती बाटली छातीशी धरली होती. वकिलांना सगळं सांगितलं तेव्हा ते घाबरलेच. "भागोजीराव, हा सरळ गुन्ह्याचा कबुलीजबाब होतो. मी तुमचा मित्र म्हणून सांगतो, प्रश्न मागे घ्या." भागोजी म्हणाला, "वकीलसाहेब, आज गुडघ्यावर हात ठेवू नका. एवढंच करा."

प्रश्न तोच होता. साहेबांचं उत्तरही तेच: फाल्गुनातल्या उत्तराकडे लक्ष वेधण्यात येत आहे. भागोजी उठला. परवानगी मागितली, मिळाली.

"साहेब फाल्गुनात म्हनले, बुक तुमच्याच हातचं हाय. खरं हाय. त्या बुकात सात नावांपुढं म्या ताप लिवलाय आन् साती खोटं हाय. ती मानसं वाघानं मारली. आमच्यात अशा मानसाला दिवेलागनीच्या आत जाळतात, आन् तुमचा डॉक्टर दोन दिसांनी भेटतो. म्हनून लिवलं. सहांची नावं सांगायचा मला अधिकार न्हाय, त्यांच्या घरच्यांनी दिलेला न्हाय. सातवं सांगतो. जनी भागोजी धाडवे. वय चौदा. माझी मुलगी."

सभा हसली नाही. भागोजीने धडपं सोडलं आणि बाटली पुढच्या मेजावर ठेवली.

"आईचं औषध आनायला गेली व्हती. हे त्ये औषध. तारीख वाचा. बुकातली तारीख वाचा. तापानं मेलेली पोर त्या दिशी तीन कोस गेली आन् अडीच कोस आली. उरलेला अर्धा कोस ऱ्हायला. त्या अर्ध्या कोसाची झाडी तोडा म्हनतो मी, दुसरं काय मागतोय?"

प्रेसिडेंटसाहेबांनी घसा साफ केला. सभागृहात वस्तू ठेवता येत नाहीत, ती उचलावी, असं ते म्हणाले, पण फार हळू म्हणाले. उत्तर देणारे साहेब उभे राहिले. सरकारी दप्तरात खोटी नोंद केल्याचं सन्माननीय सभासद कबूल करतात काय?

"येस," भागोजी म्हणाला.

मग व्हायचं ते सगळं झालं. सभासदकीचा राजीनामा त्याने स्वतःच दिला, कुणी मागायच्या आत. तालुक्याहून चौकशी आली. दवाखान्याच्या जुन्या वहीत ती तारीख सापडली, पुढे ‘औषध मुलगी घेऊन गेली’ असंही लिहिलेलं निघालं. आवडाबाईने मामलेदारापुढे जबाब दिला आणि अंगठा उठवला. बाकीच्या सहा घरांतलं कुणी आलं नाही. अंबाजी महिनाभर काकाशी बोलला नाही. खटला उभा राहिला. मॅजिस्ट्रेट भला माणूस असावा. त्याने शिक्षा दिली ती कोर्ट उठेपर्यंतच्या कैदेची. म्हणजे दिवसभर कोर्टात बाकावर बसून राहायचं, हलायचं नाही, संध्याकाळी कोर्ट उठलं की सुटका. दुसऱ्या कुणाला ही शिक्षा वाटलीच नसती. भागोजीला विचारा! दुपारपर्यंत त्याला दरदरून घाम फुटला. पट्टेवाला दोनदा दटावून गेला. पण बसला तो, संध्याकाळपर्यंत बसला. घरी येऊन आवडाबाईला म्हणाला, "त्यापरीस वाघ परवडला."

एकोणतीस साल उजाडलं. भात झोडून झालं होतं, माघाचं ऊन अंगणात पडलं होतं. अलिबागच्या वकिलांनी भागोजीचा प्रश्न आपल्या नावाने पुन्हा विचारला होता. त्याचं छापील उत्तर त्यांनी टपालाने पाठवलं, मार्जिनमध्ये मराठीत अर्थ लिहून. भागोजीने उभ्याउभ्याच पाकीट फोडलं. आवडाबाई जवळ आली. बायजा ताक मागायला आली होती, ती पायरीवर बसली. अंबाजी फाटकाशी घुटमळत होता.

भागोजीने वाचलं. सदर वाटेच्या दुतर्फा वीस हात झाडी तोडण्यास मुभा देण्यात येत आहे. गावास बंदुकीचा एक परवाना देण्यात येत आहे. डॉक्टरचा प्रश्न विचाराधीन आहे.

"म्हंजी न्हाय," आवडाबाई म्हणाली.

"म्हंजी न्हाय. पन झाडी हाय!" भागोजी ओरडला. "अंब्या, कोयते काढ! उद्याच्याला सगळं गाव, पिंपळाच्या वळनापास्नं सुरुवात!"

अंबाजी फाटकातून आत आला आणि काही न बोलता काकाच्या पाया पडला. "शकूला उद्या औषधाला जायाचंय," तो म्हणाला. "आधी आमी पुढं व्हतो. ती मागनं ईल."

आवडाबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने कागद हातात घेतला होता, उलटासुलटा करून बघत होती. "ह्यात आपली जनी कुठं हाय?"

भागोजीने तिचं बोट धरून खालच्या तक्त्यावर ठेवलं. वीस वर्षांत वाघाने मारलेली माणसं. त्यापुढे इंग्रजी एकचा आकडा, काडी उभी केल्यासारखा.

"ही?"

"हं. ही."

ती कितीतरी वेळ त्या काडीकडे बघत राहिली. "एवढीशीच?"

मग पायरीवरून बायजा उठली, ताकाचं भांडं खाली ठेवून जवळ आली, आणि तिला वाचता येत नव्हतं तरी त्या कागदावर वाकून बघितलं.

"पोर एकटीच उभी हाय व्हय रं तिथं?" ती म्हणाली. "तिच्या शेजारी माझ्या घरवाल्याचं नाव घाल, पाटील. सोबत व्हईल तिला."

भागोजीने आत जाऊन दौत आणि बोरू आणला, आणि लिहायला बायजाला शेजारी घेऊन पायरीवर खाली बसला.